तहान न्हाय म्हंजी काय?

तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि ओठाला न लावता पाण्याची धार थेट घशात सोडायची. सगळ्या लाइनीला आवाज ऐकू जाईल अशी. मग पदरानं तोंड पुसून शेजारणीला विचारायचं, "तू प्यालीस का?"

आमच्यातली कुणी तरी म्हणायची, "तहान न्हाय, आक्का."

"तहान न्हाय म्हंजी काय? चैत हाय. गेटवरचं कुत्रं जीभ काढून पडलंय, आन् तुला तहान न्हाय?"

हे बोलताना तिच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, पाण्यासारख्या पाण्यावरून ही बाई एवढी का पेटते? नवी आलेली प्रत्येक जण तेच म्हणायची. मीही म्हणाले होते. आता ती नाही आणि तिचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सगळी लाइन तिला आक्का म्हणायची, आपणही आक्काच म्हणू.

हे नव्वदीच्या दशकातलं. बारामतीच्या एमआयडीसीत तूप भरायचा एक कारखाना होता. आत यंत्रांवर बाप्ये आणि पॅकिंगला आम्ही बायका. पट्ट्यावरून गरम तुपाच्या बरण्या यायच्या. त्यांना झाकणं लावायची, फडक्यानं पुसायच्या, लेबल चिकटवायचं आणि खोक्यात भरायच्या. डोक्यावर पत्रा. पंखा एकच आणि तो सुपरवायझरच्या टेबलावर. पट्ट्याकडं पंखा फिरवला तर लेबलं उडतात, असं त्याचं म्हणणं होतं. लेबलांची एवढी काळजी घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आक्का कोऱ्हाळे बुद्रुकची, मी जवळच्याच एका वाडीवरची. आमच्या आज्याची मेंढरं होती. बापानं ती विकून ऊस लावला आणि मी दहावी करून बरण्या पुसायला लागले. आक्काचं घर बौद्धांचं. घरच्यांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा ती आईच्या मांडीवर होती, असं ती सांगायची. थोरला भाऊ शाळामास्तर, थोडी शेती आणि ही कारखान्यात. आम्ही दोघी एकाच एसटीनं यायचो, म्हणून तिच्या रागाचा पहिला हप्ता रोज मला मिळायचा. कंडक्टर एमआयडीसीच्या फाट्यावर गाडी थोडी पुढं नेऊन थांबवायचा आणि ही उतरता उतरता त्याला ऐकवायची, "फाटा मागं ऱ्हायला. आता फाट्याला बी तिकीट काडून आन."

पण तिचा खरा राग किल्लीवर होता. ती किल्ली काय होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बायकांसाठी एक संडास होता, गोडाऊनच्या मागं. त्याला बाहेरून कुलूप. माल न्यायला येणारे ट्रकवाले घाण करतात, म्हणून कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेली. ती हरवू नये म्हणून त्यानं सुतळीनं एका लाकडी ठोकळ्याला बांधली होती. ठोकळा चांगला विटेएवढा. म्हणजे बाईनं पट्टा सोडायचा, टेबलापुढं जाऊन उभं राहायचं, "सायब, किल्ली" म्हणायचं, त्यानं मान वर करेपर्यंत ताटकळायचं. मग तो ठोकळा हातात घेऊन यंत्रांवरच्या सगळ्या बाप्यांसमोरून अख्खा हॉल ओलांडायचा. परत येताना तेच. ठोकळा पदराखाली मावत नसे. यंत्रावरून कुणी खाकरायचं, कुणी म्हणायचं, "निघाली वरात."

त्यात दाराला आतून कडी नव्हती. कधी तरी मोडली होती आणि बसवायची राहिली होती. बाहेर राखण करायला कुणाला नेलं की सुपरवायझर ओरडायचा, दोघी दोघी कशाला लागतात. मग एकटीनं जायचं आणि एका हातानं दार ओढून धरायचं. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

आम्ही बायकांनी यावर बायकांसारखाच उपाय काढला होता. पाणी प्यायचं नाही. घरून निघताना नाही, एसटीत नाही, कामावर तर नाहीच. संध्याकाळी घरी जाऊन मोरीत शिरायचं आणि मग माठाला तोंड लावायचं. चहाच्या सुट्टीत चहावाला किटली घेऊन यायचा आणि चहा का नको म्हणून विचारायचा. त्याला काय सांगणार? एकीनं एकदा सांगितलं, "कडक उपास हाय, पानी बी चालत न्हाय." ते उत्तर सगळ्यांना आवडलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. गुरुवारी बारामतीचा बाजार आणि कारखान्याला सुट्टी, म्हणून दत्तमहाराज तेवढे सुटले. बुधवारला बरेच दिवस देव सापडत नव्हता, तर एकीनं भावाच्या नोकरीचा नवस काढला. आमच्या लाइनीवर एवढी भक्ती चालायची की चहावाला आमच्याकडं वळायचाच बंद झाला.

आक्काला ही सोय नव्हती. तिच्या घरात उपासतापास नव्हते आणि खोटा उपास सांगायला ती तयार नव्हती. ती पाणी प्यायची आणि जायला लागलं की जायची. एकदा सुपरवायझरनं ठोकळा देता देता दात काढले, "काय बाई, तुमच्यात उपास नसतो वाटतं?"

"न्हाय. आमी छप्पन सालीच सोडला."

तो काय समजायचं ते समजला. त्याचं हसू तिथंच राहिलं. त्या दिवशी हॉलमधून जाताना कुणी तरी 'वरात' म्हणालं, तर ही मध्येच थांबली, ठोकळा वर धरला आणि म्हणाली, "नवरदेव पायजे वरातीला. ये, कोन हाय त्यो." कुणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी खाकरणं पुन्हा सुरू झालं, पण ती जाताना नाही.

तिचा राग कायम योग्य माणसावर निघायचा असं मात्र समजू नका. चहावाल्याला तिनं एकदा उगाचच झोडपलं, चहात पाणी घालतोस म्हणून. पाणी कँटीनवाला घालत होता, ह्याच्या हातात फक्त किटली. चूक कळल्यावर तिनं माफी वगैरे मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आणली आणि तीही रागानंच त्याच्या हातात कोंबली.

माझ्यावरही ती अशीच तुटून पडली होती. फुटक्या बरणीनं माझं बोट कापलं आणि मी फडकं गुंडाळून तशीच काम करत राहिले. "रगात तुपात पडलं तर ह्ये तुपाची काळजी करत्याल, तुजी न्हाय," असं म्हणत तिनं माझा हात ओढला. तिच्या पिशवीत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या असायच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. कुणाला महिन्याची अडचण आली की तोंडानं मागावं लागत नसे, ती चेहरा बघून घडी हातात द्यायची. त्यातलीच एक फाडून तिनं माझं बोट बांधलं. बांधून होईपर्यंत शिव्या चालूच होत्या.

आता त्या आठवड्याकडं येते.

लग्नसराई होती. तुपाला उसंत नव्हती, पट्टा नेहमीपेक्षा जोरात पळवला होता. आमच्या लाइनीवर एक नवी पोरगी आली होती, नुकतं लग्न झालेली. इंदापूरहून पहाटेच्या एसटीनं यायची, म्हणून तिला आम्ही इंदापूरची म्हणायचो. सासूच्या हातापाया पडून तिनं ही नोकरी मिळवली होती. सासूनं एका अटीवर सोडलं होतं : दुखणंखुपणं निघालं की नोकरी बंद. ती पोरगी सगळ्यांत लांबून यायची आणि म्हणून सगळ्यांत जास्त वेळ कोरडी राहायची.

सोमवारी दुपारी इंदापूरची पट्ट्यावरच कोसळली. बरण्या आडव्या झाल्या, दोन-चार फुटल्या, तूप फरशीवर पसरलं. सुपरवायझर धावत आला आणि आधी त्यानं बरण्या सरळ केल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग त्यानं खाली पडलेल्या पोरीकडं बघितलं.

"सोमवार. दुसरं काय? उपास करायचे आणि कामावर येऊन पडायचं."

आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "हिला उपास न्हाय. मगाशी माज्या डब्यातली अर्धी भाकर खाल्लीया हिनं."

इंदापूरचीनं डोळे उघडले. आजूबाजूला बाप्ये उभे होते. ती पुटपुटली, "उपास हाय माजा."

आक्काचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती त्या पोरीला फाडून खाईल असं वाटलं. पण तिनं फक्त तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि तिचा पदर नीट केला. सुपरवायझर "बघा" म्हणाला आणि फरशी पुसायला माणूस बोलवायला गेला.

संध्याकाळी एसटी स्टँडवर पोरगी रडत सगळं बोलली. आठ-दहा दिवस लघवीला जळत होतं, अंगात कणकण होती, सासूला कळायला नको म्हणून गप्प होती. आक्का तिला तशीच बाजारपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "अंगावर काढू नका, मूत्रपिंडाला सूज येईल. आणि भरपूर पाणी प्या."

आक्का हसायला लागली. दवाखान्यात बसलेली माणसं बघायला लागली इतकी हसली. "बाई, लाख बोलला," असं म्हणून तिनं डोळे पुसले. मला त्या हसण्याची भीतीच वाटली.

मंगळवारी सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः पॅकिंगमध्ये आले. पुण्याचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. पट्टा बंद करून त्यांनी आम्हाला समोर उभं केलं. "भगिनींनो, श्रद्धा असावी. माझी आईसुद्धा उपास करते. पण शरीराची अशी हेळसांड बरी नाही. म्हणून उद्यापासून उपास असणाऱ्या सर्व भगिनींना कंपनीतर्फे साबुदाण्याची खिचडी मिळेल."

टाळ्या वाजल्या. कडक उपासाला खिचडी कशी चालेल, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारणार कसं, उपासच कुठं होता? आमच्याच खोट्यावर त्या माणसानं खिचडी शिजवली होती.

आक्का पुढं झाली. "सर, खिचडी ऱ्हाऊ द्या. किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

सुपरवायझर त्यांच्या कानाला लागला. मॅनेजरसाहेब कानापर्यंत लाल झाले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ते तुम्ही आपापसात बघा." आणि गेले. ऐकायलासुद्धा लाज वाटली त्यांना. तोच ठोकळा हातात देऊन आम्हाला रोज बाप्यांसमोरून मिरवायची लाज कुणाला वाटत नव्हती. इतकी वर्षं झाली, माझा त्या माणसावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

ते गेल्यावर सुपरवायझरनं नवा नियम काढला. एका बाईला कामाच्या पाळीत एकदाच किल्ली.

बुधवारी खिचडी आली. मीठ जास्त, मिरची जास्त, शेंगदाण्याचा कूट घशाला चिकटणारा. आम्ही ती खाल्ली आणि वर पाणी न पिता पट्ट्यावर उभ्या राहिलो. इंदापूरचीनं डॉक्टरीणबाईंची गोळी घोटभर पाण्यावर कशीबशी गिळली आणि तांब्या खाली ठेवला. आक्कानं ते पाहिलं. त्या दिवशी तिनं कुणालाही 'प्यालीस का' विचारलं नाही. एसटीत कंडक्टरला सोडून दिलं. ती बोलायची तेव्हा आम्ही निवांत असायचो, ती गप्प बसली की जीव घाबरा व्हायचा.

गुरुवारी बाजारात ती मला लिंबांच्या ढिगापुढं दिसली. लिंबूवाल्याशी भांडण रंगात आलं होतं. पिशवी भरली तरी घेतच होती.

"आक्का, एवढी लिंबं? घरी कार्य हाय का?"

"कार्यच हाय. उद्या समद्यांचा उपास सोडायचाय." आणि मला म्हणाली, "तू जा फुडं. मला लोखंडाच्या दुकानात जायाचंय."

लोखंडाच्या दुकानात तिचं काय काम, असा विचार माझ्या मनात आला आणि भाजीच्या गर्दीत मी तो विसरून गेले.

शुक्रवारी मोठा ट्रक लागलेला होता, दुपारपर्यंत भरायचा होता. चहाच्या सुट्टीत आक्कानं घरून आणलेल्या स्टीलच्या कळशीवरचं फडकं काढलं. लिंबाचं सरबत. कळशी संपली तर मागं नळाच्या पाण्याची बादली भरलेली, लिंबं चिरून तयार.

"घ्या."

कुणी हलेना. एक जण म्हणाली, "शुक्रवार हाय, आक्का. संतोषीमातेला आंबट चालत न्हाय."

"खरा उपास हाय? माज्या डोळ्यांत बगून सांग."

ती खाली बघून हसली आणि पेला घेतला. एकीचा उपास खरोखरचा होता. तिला आक्कानं सरबत दिलं नाही, साध्या पाण्याचा तांब्या भरून दिला आणि संपेपर्यंत शेजारी उभी राहिली.

मग ती बोलली. मोठ्यानं नाही, पण दातओठ खाऊन. "माज्या बापानं मला तळ्याची गोष्ट सांगितलीया. आमची मानसं लांबनं चालत गेली, ओंजळभर पानी प्यायला. डोकी फुटली त्येंची. आन् तुमी? नळाला पानी हाय, हातात तांब्या हाय, कोन अडवत न्हाय, आन् तुमी पीत न्हाय. का, तर एका मानसाला किल्ली मागायची लाज वाटती. प्या. आज पोट फुटस्तोवर प्या. मंग समद्यांनी जायाचं. एकेकीनं. नियमानं."

आम्ही प्यालो. मला आठवतंय, दुसऱ्या पेल्याला मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. भर उन्हाळ्यात, कामावर, पोटभर गार पाणी प्यायलं तर काय वाटतं, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

पट्टा सुरू झाला. थोड्या वेळानं इंदापूरची टेबलाशी गेली. "सायब, किल्ली." सुपरवायझरनं दिली. तिच्या मागं दुसरी जाऊन उभी राहिली. तिच्या मागं तिसरी. मग मी. बघता बघता अख्खी लाइन टेबलापुढं रांगेत. पट्ट्यावर बरण्या एकमेकींवर चढायला लागल्या. यंत्रावरच्या बाप्यांनी यंत्र थांबवलं.

"काय तमाशा आहे? एकेक जावा, बाकीच्या कामाला लागा."

"एकेकच चाललोय," आक्का म्हणाली. "पाळीत एकदा. ही आमची एकदाची येळ."

इंदापूरची परत आली. तिनं ठोकळा सुपरवायझरच्या हातात दिला नाही, मागच्या बाईच्या हातात दिला. त्या बाईनं आल्यावर पुढच्या बाईच्या. ठोकळा आमच्या आमच्यात फिरायला लागला आणि सुपरवायझर नुसता हात पुढं करून उभा. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. कुणी खाकरलं नाही. मॅनेजरसाहेब जिना उतरून आले.

"हे काय चाललंय?"

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का इंदापूरचीकडं बघत होती, सोमवारी बघितलं होतं तशीच.

पोरगी पुढं झाली. म्हणाली, "सर, सोमवारी माजा उपास न्हवता. मला मुतायला जायाचं हुतं."

तो शब्द त्या हॉलमध्ये कुणा बाईनं कधी उच्चारला नव्हता. यंत्रं बंद होती, त्यामुळं शेवटच्या माणसापर्यंत तो स्पष्ट गेला. बाप्ये खाली बघायला लागले. "कुणाचाच उपास नसतो, सर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आमी पानी पीत न्हाय."

मॅनेजरसाहेबांनी एकदा बरण्यांच्या ढिगाकडं बघितलं, एकदा ट्रककडं. मग सुपरवायझरला म्हणाले, "कुलूप काढून टाका." आणि जिना चढून वर गेले. पुढं एका महिला दिनाच्या भाषणात ह्याच गोष्टीचं श्रेय त्यांनी घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढं तरी आम्ही शिकलो होतो.

संध्याकाळी एसटीत आक्का खुशीत असेल असं मला वाटलं होतं. ती खिडकीबाहेर बघत होती. उसाच्या गाड्या मागं पडत होत्या. गावाच्या फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं आज धाडस केलं." तिच्या तोंडून कुणाचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवारी आम्ही गेटवर पोचलो तर वॉचमननं मला आत सोडलं आणि तिच्यापुढं हात आडवा धरला. ठेकेदाराचा माणूस खुर्चीवर बसला होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "आक्का, तुमचं काम संपलं. नवी बाई घेतलीय."

आम्ही सगळ्या ठेकेदारामार्फत लागलेल्या बायका. कामावर घ्यायला कारण लागत नव्हतं, काढायलाही नाही. मी गेटच्या आतून गज धरून उभी राहिले आणि रडायला लागले. मागून दोघी-तिघी आल्या. कुणी तरी म्हणालं, "आपुन बी भाईरच थांबू. आक्का न्हाय तर आमी बी न्हाय."

तेव्हा ती भडकली. मला वाटलं ती ठेकेदाराच्या माणसावर भडकेल, पण ती आमच्यावरच ओरडली. "अक्कल हाय का? आज भाईर बसला तर उद्या समद्याच घरी. त्या इंदापूरचीला सासू पुन्यांदा सोडंल व्हय? आत जावा. माज्यासाठी शानपना नको."

भोंगा झाला. बायका एकेक करून वळल्या. मी तिथंच होते.

"कुलूप काडलं का?" तिनं विचारलं.

"काडलं, आक्का. आदी आलेल्या बायकांनी बगितलंय."

"आन् आतनं कडी?"

"न्हाय अजून."

"मंग अर्धंच काम झालं की." तिनं पिशवीत हात घातला, लुगड्याच्या घड्यांतून एक पुडकं काढलं आणि गजांतून माझ्या हातात दिलं. जड लागलं. फडक्यात एक नवी लोखंडी कडी होती आणि चार खिळे. गुरुवारी लिंबांबरोबर घेतलेली. "काल गडबडीत बसवायची ऱ्हायली. आज बसवून घ्या. आदी कडी लावा, मंग काय रडायचं त्ये रडा."

ती वळली आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागली. पाय झटकत, तरातरा, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला काही तरी बोलत. त्या गेटात ती पुन्हा कधी आली नाही.

तिचा तांब्या आमच्या फळीवरच राहिला होता. दुपारी इंदापूरचीनं दार धरलं आणि मी गोडाऊनमागच्या एका दगडानं खिळे ठोकले. दोन वाकडे गेले, पण कडी बसली. मग मी आत गेले, दार ओढलं, कडी लावली आणि रडले. दुःखानं नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर, त्या विटेएवढ्या ठोकळ्यावर, आमच्या सगळ्या खोट्या देवांवर मला इतका राग आला होता की मी पदर तोंडात कोंबून, दोन्ही हात मोकळे सोडून, पोटभर रडले. दार धरून ठेवायची गरज नव्हती.